शास्त्र काय सांगस, मॅडम

आषाढात अक्कांच्या मुलीचा धुळ्याहून फोन आला. धरणगावच्या घरी श्रावणात कानबाई देवी बसते तेव्हा तिच्या शेजारी आता अक्कांचा फोटो ठेवतात, त्याला हळदकुंकू वाहतात, आणि गल्लीतल्या बायका त्या फोटोपुढं पदर पसरून कौल मागतात, असं तिनं मोठ्या कौतुकानं सांगितलं. कुणाच्या मुलाची सोयरीक जुळत नाही, कुणाला नोकरी नाही. माझं डोकंच फिरलं. ज्या बाईनं हयातभर अंगात आलेल्या बायकांच्या तोंडावर तांब्याभर थंड पाणी मारलं, तिच्या फोटोपुढं आता नारळ फोडतात.

"मॅडम, यंदा तुम्ही कानबाईला याच," ती म्हणाली. "तुमची बदली मायनंच केली ना. चार बायकांसमोर तुम्ही स्वतः सांगितलं तर बरं होईल."

त्यावर मी काय बोलले ते शेवटी सांगते. आधी अक्का सांगायला हव्यात, कारण तो फोटो मी मोबाईलवर पाहिला आणि त्यातली बाई माझ्या ओळखीची नाही. फोटोत अक्का बसलेल्या आहेत. माझ्या चार वर्षांत मी अक्कांना बसलेलं पाच-सहा वेळासुद्धा पाहिलं नसेल. उभ्यानं चहा, उभ्यानं जेवण, निवडायचं टिपायचंसुद्धा ओट्याला टेकून. कुणी पाट पुढं केला तर म्हणायच्या, "बठीसन कोनं भलं व्हयनं?" बसून कुणाचं भलं झालंय, असा त्यांचा सवाल, आणि तो विचारून होईपर्यंत त्या दुसऱ्या खोलीत पोचलेल्या असायच्या.

मी सांगलीकडची. नोकरी लागली ती जळगाव जिल्ह्यात, प्राथमिक शाळेत, शिकवायला विज्ञान. नवरा सांगलीला, दीड वर्षाची मुलगी सासूबाईंकडे, आणि मी पत्र्याची ट्रंक घेऊन धरणगावच्या स्टँडवर. कुणीतरी अक्कांचं घर दाखवलं. दारात ठेंगणी, काळीसावळी, डोक्यावर पदर घेतलेली बाई उभी होती. पायात पुरुषी चपला, त्याही दोन बोटं मोठ्या. त्या नानांच्या, म्हणजे त्यांच्या यजमानांच्या. अक्कांनी स्वतःसाठी चपला कधी घेतल्या नाहीत, नानांच्याच घालून गावभर फटक फटक फिरायच्या, आणि नाना बिचारे कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला निघताना अनवाणी उंबऱ्यात उभे राहून त्या परत यायची वाट बघायचे.

"काय शिकाडतस?" अक्कांनी विचारलं. विज्ञान म्हटल्यावर त्यांचा चेहराच उजळला. "मंग सांगा. दूध इतला वेळ मुकाट ऱ्हास आनि मी पाठ फिरावी का उतू जास. शास्त्र काय सांगस?"

ती माझी मुलाखत. सायीचा थर, खालून येणारी वाफ, असं मी काहीबाही सांगितलं. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं. "वाफनं ठीक शे. पन पाठ फिरावाचं तिले कसं समजस, ते नही सांगं तुम्ही." आणि वरची खोली मला दिली.

तेव्हापासून दर रविवारी त्या जिना चढून यायच्या. एका हातात ताटली, ताटलीत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा किंवा भरीत, आणि तोंडात एक प्रश्न. भरताचं वांगं कपाशीच्या काड्यांवर भाजलं की गोड लागतं, गॅसवर भाजलं की सपक, शास्त्र काय सांगस? मांडा खापरावर टाकताना फाटत नाही आणि त्याकडे बघणारीनं नुसतं 'फाटेल हं' म्हटलं की फाटतो, शास्त्र काय सांगस? एकदा विचारलं, गेलेलं माणूस स्वप्नात दिसतं ते म्हातारं का होत नाही. काही उत्तरं मला यायची, काहींची मी थाप मारायचे, आणि थाप त्यांना बरोब्बर कळायची. "हाई पुस्तकमातलं नही. हाई तुम्हनं घरनं शे," म्हणून ताटली ठेवून हसत खाली जायच्या. मी शिक्षिका आहे, मला प्रश्न विचारणारी मुलं आवडतात असं मी मुलाखतींत सांगत आलेय. खरं सांगायचं तर रविवारी झोपेतून उठवून विचारलेले प्रश्न मला आवडायचे नाहीत. पण परक्या मुलखात माझ्या दारावर आपणहून थाप मारणारी ती एकच बाई होती, तेव्हा दार उघडायचे.

गल्लीत लग्न असलं की मांडे अक्कांचे. घडा उपडा ठेवावा तसं मोठं मातीचं खापर चुलीवर तापलेलं, आणि अक्का पुरणाची पोळी दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत ताणत न्यायच्या आणि फाडकन खापरावर टाकायच्या. हातांवर चटक्यांचे जुने डाग होते. कुणी मोबदला विचारला तर म्हणायच्या, "नवरीले पोटभर वाढा, बस." नवरीला पोटभर वाढलं की नाही हे त्या खरंच जाऊन बघायच्या. एका लग्नात नवरी उपाशीच पंगतीमागे बसलेली दिसली, तर अक्कांनी व्याह्यांच्या पानातला मांडा उचलून तिच्या पुढ्यात ठेवला. व्याही रुसले. दोन तास समजूत चालली होती आणि अक्का तोवर दुसरं खापर तापवत होत्या.

आता तांब्या.

खानदेशात श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाची देवी. तिला नथ, मंगळसूत्र, पातळ, वर केळीच्या खांबांचा मंडप. सोमवारी सकाळी डफ लावून, डोक्यावर घेऊन विसर्जनाला नेतात. त्या मिरवणुकीत आणि त्याआधी आरतीला बायकांच्या अंगात येतं. डफ घुमायला लागला की एखादी घुमू लागते, केस सुटतात, बाकीच्या तिला कुंकू लावतात, पायावर घागर ओततात आणि तिला आपलं गाऱ्हाणं विचारतात. अक्कांची कानबाईवर श्रद्धा अपरंपार. रोटाचं, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या पोळ्यांचं, दळण निघेपर्यंत पाणीसुद्धा प्यायच्या नाहीत. पण अंगात येणं म्हटलं की त्यांचं पित्त खवळायचं. "देवी नारळमा बठेल शे. बाईना अंगमा तिले जागा तरी शे का?"

माझ्या पहिल्याच वर्षी समोरच्या घरातली सून घुमायला लागली. नवं लुगडं पाहिजे, दूधभात पाहिजे, असं देवी तिच्या तोंडून मागत होती. बायका हात जोडून उभ्या. अक्का माठातून तांब्या भरून घेऊन आल्या आणि सपकन तिच्या तोंडावर मारला. पोरगी जागच्या जागी थांबली. मला वाटलं आता मारामारी होणार. अक्कांनी तिला दंडाला धरून आपल्या स्वयंपाकघरात आणलं, दार लावलं, पुढ्यात दूधभात ठेवला आणि ती जेवेपर्यंत उभ्या राहिल्या. ती गेल्यावर मला म्हणाल्या, "बाईना अंगमा दोनच येतस, मॅडम. भूक, नही तं सासू."

मी शाळेत चमत्कारांमागचं विज्ञान दाखवायचे. लिंबातून रक्त काढायचं, मंत्र म्हणून अग्नी पेटवायचा, मग मुलांना युक्ती सांगायची. अक्कांना हे कळल्यावर त्यांनी मला सोडलंच नाही. अंगणात गल्लीतल्या वीस बायका गोळा केल्या आणि मला सगळं करायला लावलं. लिंबातून लाल पाणी निघालं तेव्हा अक्का टाळी वाजवून इतक्या हसल्या की डोक्यावरचा पदर खाली आला. त्या दिवसापासून गल्लीत आमचा दोघींचा पक्ष झाला. अक्कांच्या हातात तांब्या, माझ्या हातात शास्त्र.

नानांना हे पसंत नव्हतं. नाना बोलायचे फार कमी, पण एक शल्य त्यांच्या मनात होतं ते मला अक्कांनीच सांगितलं. नानांच्या आईच्या अंगात कानबाई यायची, आणि तिच्या आधी तिच्या सासूच्या. घराण्याचा मानच तो. अक्का सून म्हणून आल्या, वर्षामागून वर्षं गेली, देवी काही येईना. सासू जाईपर्यंत त्यांना 'कोरडी' म्हणत होती. दरवर्षी विसर्जनाला अक्का कानबाईचा पाट डोक्यावर घेऊन निघाल्या की नाना मागून त्यांच्याकडे बघत चालायचे. मला ते बघणं कळायचं. चाळीस वर्षं तो माणूस आशेनं बघत होता.

आणखी एक रीत सांगायची राहिली, ती शेवटी लागेल. कानबाईचे रोट करायचे ते घरातल्या माणसागणिक सव्वा मूठ गहू घेऊन. जितकी माणसं तितक्या मुठी, आणि ते रोट घरच्यांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. अक्का धुळ्याला दिलेल्या मुलीचीही मूठ घ्यायच्या. भावकीतल्या बायका म्हणायच्या, लग्न झालेली पोर मोजत नाहीत. "देयेल पोर काय मरी जास का?" म्हणून अक्का घ्यायच्याच. पहिल्या वर्षी त्यांनी सुपात माझीही मूठ टाकली. भावकीत कुरकुर झाली, भाडेकरणीची मूठ कुठं असते का. "घरमा राह्यस ती घरनी." मग त्या माझ्याकडे वळल्या आणि विचारलं, पोर केवढी आहे. मी हातानं दाखवलं. त्यांनी बोटं आखडून एक लहानशी मूठ केली, पाच-पंचवीस दाणे असतील, आणि सांगलीला असलेल्या माझ्या मुलीच्या नावानं सुपात टाकली. मी जिन्यात जाऊन रडले. ती लहान मूठ पुढच्या वर्षी थोडी मोठी झाली, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. पोर वाढतेय हे त्या विसरत नसत.

मुलगी वाढत होती आणि मला विसरत होती. चौथ्या वर्षी दिवाळीत गेले तर ती माझ्या सासूबाईंना आई म्हणत होती आणि मला 'धरणगावची आई'. जिल्हाबदलीचा अर्ज तीनदा भरला होता. यादी लागायची, नाव नसायचं. अक्कांना हे सगळं ठाऊक होतं. मी परत आले त्या रविवारी त्यांनी ताटली आणली पण प्रश्न काही विचारला नाही.

त्या उन्हाळ्यात मात्र एक प्रश्न विचारला. मी पेपर तपासत होते. अक्का जिना चढून आल्या, दारात थांबल्या, धाप लागली होती. "मॅडम, जबडा दुखस. डावा हात बी जड पडस. शास्त्र काय सांगस?"

मी मान वर केली नाही. दाढ किडली असेल, दाताच्या डॉक्टरला दाखवा, असं म्हटलं.

अक्कांनी माझं शब्दशः ऐकलं. दाढ काढून आल्या. आठवड्यानं मला तोंड उघडून खिंडार दाखवलं आणि हसून म्हणाल्या, दाढ गेली, दुखणं तिथंच आहे. मी म्हटलं, जखम भरायला वेळ लागतो. हीसुद्धा थाप होती, आणि या वेळी त्यांना ती कळली नाही, किंवा कळली असेल तरी बोलल्या नाहीत.

श्रावणातला तो सोमवार. सकाळचे साडेनऊ. अक्का पहाटेपासून घामाघूम होत्या, पाठीवर पोलकं ओलं. गरमी शे, म्हणाल्या. पाट डोक्यावर घेतला आणि निघाल्या. मी त्यांच्या डाव्या बाजूला चालत होते. पाच-सहा घरं गेलो असू. अक्का थांबल्या. शेजारणीनं पाट पटकन सावरून आपल्या डोक्यावर घेतला. अक्कांनी दोन्ही हात छातीवर दाबले, अंग कापायला लागलं, आणि घशातून एक आवाज निघाला, तसला आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"अक्काना अंगमा उनी," मागून कुणीतरी ओरडलं.

गल्ली थरारली. चाळीस वर्षं जी आली नाही ती आज आली, आणि तीही तांब्यावाल्या अक्कांच्या अंगात. डफवाल्यांनी ठेका वाढवला, देवी आली की वाढवतात. बायकांनी त्यांचा अंबाडा सोडला, कपाळभर कुंकू फासलं. अक्का म्हणाल्या, "पानी." घागर आणली आणि त्यांच्या पायावर ओतली. पुन्हा म्हणाल्या, "पानी," पुन्हा एक घागर पायावर. ओठ कोरडे होते, पाय चिंब. मग म्हणाल्या, "मले बठू द्या." देवीनं बसायचं नसतं, खेळायचं असतं, म्हणून दोघींनी काखेत हात घालून त्यांना उभं धरलं आणि झुलवलं. आयुष्यभर न बसलेली बाई बसू द्या म्हणतेय, हे तिथं कुणाच्या डोक्यात आलं असेल तर ते माझ्याच यायला हवं होतं. मी तिच्यासोबत चार वर्षं राहिले होते.

गर्दीतून नाना पुढं आले. त्या माणसानं भर रस्त्यात बायकोच्या ओल्या पायांवर डोकं ठेवलं आणि हुंदके देऊन रडला. अक्का पाय मागे घेत होत्या. काहीतरी म्हणत होत्या, डफात ऐकू आलं नाही.

मग बायका एकेक करून विचारायला लागल्या, आणि मी पुढं झाले.

मला कुणी ढकललं नाही. मी, जिनं लिंबातून रक्त काढून दाखवलं होतं, ती दोघी-तिघींना मागे सारून पुढं गेले, हात जोडले, आणि विचारलं, "माय, माझी बदली होईल का?" देवीला अगंतुगं करतात, मीही तिला 'सांग ना' म्हटलं.

अक्कांनी माझं मनगट धरलं. नखं रुतली. डोळे माझ्यावर आणले, त्यात देवी नव्हती, त्यात अक्का होत्या, रविवारच्या, जिना चढून आलेल्या. अगदी हळू म्हणाल्या, "मॅडम, शास्त्र काय सांगस?"

मला कळलं. तेव्हाच, त्याच क्षणी कळलं. जबडा, डावा हात, घाम, दम, सगळं एका ओळीत उभं राहिलं. ओठ निळसर झालेले दिसले. हे मी या आषाढापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. विचारणाऱ्यांना मी सांगत आले की गोंधळात काही सुचलं नाही. साफ खोटं. सुचलं होतं. पण आसपास शंभर माणसं हात जोडून उभी, नाना पायाशी, मी परक्या मुलखातली भाडेकरीण, आणि आरती सुरू झाली होती. आणि याहून वाईट ते आता लिहिते. मी उत्तराची वाट बघत होते. समोर माणूस मरतंय हे कळूनही माझ्या मनाचा एक कोपरा म्हणत होता, कोण जाणे, एवढी आरती होऊ दे, कदाचित हो म्हणेल. पूर्ण आरती झाली. मी टाळ्याही वाजवल्या, एका हातानं मांडीवर, कारण दुसरं मनगट त्यांच्या हातात होतं.

आरती संपता संपता ती पकड सुटली आणि अक्का खाली बसल्या. मग मी ओरडले. मालवाहू रिक्षा मिळाली, चौकातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, डोळ्यांत बॅटरी मारली, आणि स्टेथोस्कोप काढून ठेवला.

"त्रास सुरू होऊन किती वेळ झाला होता?"

"अर्धा तास," मी म्हटलं.

"मग अर्धा तास करत काय होतात तुम्ही लोक?"

कपाळावर कुंकू, मोकळे केस, ओलं लुगडं. त्यांना दिसतच होतं. 

पुण्यवान बाई, गल्ली म्हणाली. देवी न्यायला आली आणि घेऊन गेली. असं मरण यायला भाग्य लागतं. दहाव्याला अक्कांची मुलगी माझ्याजवळ आली, माझं मनगट हातात घेतलं. नखांचे चार व्रण अजून होते. तिनं विचारलं, मायनं तुमचा हात धरला होता, शेवटी काय बोलली. माझ्या तोंडून निघालं, "आशीर्वाद दिला." तिनं त्या व्रणांना डोकं लावलं. मी हात काढून घेतला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात बदलीची यादी लागली आणि माझं नाव होतं. शंभरातल्या कुणाचं तरी लागतं तसं लागलं. गल्लीत पेढे वाटले गेले, मी नाही वाटले, लोकांनीच वाटले. नाना मला स्टँडवर सोडायला आले. स्वतःच्या चपला घालून. त्या आता कायम घरीच असायच्या. दर श्रावणात ते माझी आणि माझ्या मुलीची मूठ टाकत राहिले आणि फोन करून तेवढंच सांगायचे, "टाकी दी," आणि फोन ठेवायचे.

तर असा तो आषाढातला फोन. बदलीचं सांगायला या, असं म्हणून अक्कांची मुलगी थांबली असती तर मी शाळेची सबब सांगून मोकळी झाले असते, मी तसलीच आहे. पण ती पुढं म्हणाली, आवाज एकदम हळू करून, "मॅडम, एक सांगू का? माय आता माझ्या अंगात येते."

मी विचारलं, कशी येते.

"पाणी भरताना येते, जिना चढताना येते. दरदरून घाम फुटतो. जबडा दुखतो, डावा हात जड होतो, मायचा व्हायचा तस्साच. मग मी खाली बसते आणि सासूबाई आरती ओवाळतात. मॅडम, त्या मला आजवर नावानं हाक मारत नव्हत्या. आता ताट वाढून देतात." सांगताना ती खुशीत होती. तिला तिच्या घरात पहिल्यांदाच कुणी ताट वाढून देत होतं, आणि ते मी काढून घेणार होते.

मी म्हटलं, "तुझी माय तुझ्या अंगात येणार नाही. ती असल्या जागी जात नव्हती. आत्ता उठ, रिक्षा कर आणि हृदयाच्या डॉक्टरकडे जा."

ती हसली. म्हणाली, तुम्हीच असं म्हणता? तुमच्याशी तर ती बोलली.

मग मी सांगितलं. सगळं. पानी, बठू द्या, दाढ, मनगट, आणि ती खरोखर काय म्हणाली ते. तुझ्या मायनं मला शास्त्र विचारलं होतं आणि मी सांगितलं नाही, म्हणून आज तुला सांगतेय, असं म्हटलं.

 मग तिनं विचारलं, "तुम्हाला तेव्हा कळलं होतं?"

"हो."

"आणि तुम्ही बदली विचारत उभ्या होत्या."

"हो."

फोन बंद झाला. मी लगेच नानांना लावला. दोनदा उचलला नाही, तिसऱ्यांदा उचलला. मी त्यांनाही सगळं सांगितलं आणि म्हटलं, उद्याची वाट बघू नका, पोरीला घेऊन जा. नाना ऐकत होते.  मग म्हणाले, "मॅडम, मी पायवर डोकं ठेवं ना, तवय ती मले म्हने, उठा, दवाखाना. मी ऐकं व्हतं." आणि पुढं म्हणाले, "मले वाटनं, आते उनी शे तं राहू द्या."

ते दुपारच्याच बसनं धुळ्याला गेले. मुलगी यायला तयार नव्हती, सासू सोडायला तयार नव्हती. नानांनी, म्हणे, सासूच्या देखत मुलीच्या तोंडावर तांब्याभर पाणी मारलं. दवाखान्यात दोन ठिकाणी अडथळा निघाला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात.

माझा फोन ती घेत नाही. मी मेसेज पाठवते, ते वाचलेले दिसतात.

परवाच्या रविवारी कानबाई बसली. संध्याकाळी नानांचा फोन आला. पोरगी इथंच आली आहे, अक्कांचा फोटो कानबाईशेजारून काढून ठेवलाय, म्हणाले. मी विचारलं, गोळ्या घेते का.

"घेस."

पण त्यांनी फोन ठेवला नाही. इतकी वर्षं ते 'टाकी दी' एवढंच म्हणून फोन ठेवायचे.

"यंदा गहू तिनी मोजात," नाना म्हणाले. "तुम्हनी मूठ तिनी टाकी नही. मी काही बोलनू नही."

बरोबर केलं तिनं, असं मी म्हणाले, आणि फोन ठेवणार होते.

"तुम्हनी पोरनी टाकी," नाना म्हणाले. "मले विचारं तिनी, आते कितली मोठी व्हयनी व्हई. मंग पुरी मूठ टाकी."